अडचणीत सापडलेल्या मुलामुलींसाठी मदत शोधताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात एखादा मुलगा वाट चुकतो आहे, हे गावाला बहुधा वेळेत कळते. दहावीच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते, कापसाच्या हंगामात तो जिनिंगवर हमालीला लागतो, संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) चघळत बसलेला दिसतो आणि वर्षभरात "पोट्टं हातचं गेलं" असे म्हणून सगळे मोकळे होतात. मुलीच्या बाबतीत खुणा वेगळ्या असतात. तिची शाळा बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो आणि स्थळे पाहणे सुरू होते. कळते सगळ्यांना, अडते ते त्याच्या पुढे. मदतीची तरतूद आहे, पण ती महिला व बालविकास, आरोग्य, शिक्षण, आदिवासी विकास, सामाजिक न्याय आणि पोलीस अशा खात्यांत विखुरलेली आहे. एका टेबलावर "हे आमच्याकडे नाही" असे ऐकून परतलेली आई दुसऱ्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचते, कारण जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे तिच्या एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे असते. हा लेख त्या आईच्या सोबत जाऊ शकणाऱ्यांसाठी, म्हणजे शिक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, मुलाचा मामा किंवा मोठी बहीण यांच्यासाठी आहे.

वय न पाहता कार्यालय गाठणे

कायद्याची रेषा १८ वर्षांवर आहे आणि बहुतेक चकरा ही रेषा न पाहिल्यामुळे पडतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. ज्याला आधार हवा आहे, म्हणजे अनाथ, घरातून निघून आलेला, मारहाण सोसणारा किंवा मजुरीला जुंपलेला, त्याचा विषय बाल कल्याण समितीकडे जातो. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचा विषय बाल न्याय मंडळाकडे जातो. कोणता विषय कोणाचा, हे समजत नसेल तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याचा पत्ता मिळतो. बाल कल्याण समितीचे नाव ऐकून "पोराला उचलून नेतील" अशी धास्ती अनेक घरांना वाटते. मूल शक्यतो कुटुंबातच राहावे हे या कायद्याचे धोरण आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, ही गोष्ट घरच्यांना निघण्यापूर्वीच शांतपणे समजावून सांगावी.

वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्डावर विसंबू नये. तांड्यावरच्या किंवा कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) कितीतरी मुलांच्या आधारवर १ जानेवारी अशी अंदाजाने घातलेली जन्मतारीख असते. कायद्याने आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी होते. म्हणून झेडपी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधला उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह आधीच काढून ठेवावा. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या संशयावरून सोळा वर्षांच्या मुलाला ठाण्यात नेले, अशा वेळी हा एक कागद फार मोठे काम करतो. अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करावे लागते. वकिलासाठी गहाणखत करण्याचीही गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

एक फोन केला म्हणजे काम झाले, असे समजणे

१०९८ ही मुलांसाठीची चोवीस तास चालणारी मोफत सेवा आता शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते. फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. फोन वाया जातो तो अपुऱ्या माहितीमुळे. "आमच्या गावात एका पोरीचं लग्न लावून राहिले" एवढेच सांगून फोन ठेवला, तर पथक निघणार कुठे? गाव, तालुका, जवळचा फाटा किंवा ओळखीची खूण, मुलीचे अंदाजे वय, ती आत्ता कोणाच्या घरी आहे, धोका आजचा आहे की आठवड्यानंतरचा, आणि रात्री गावात पोहोचता येईल असा रस्ता आहे का, इतके सांगावे. जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२ वर फोन करावा. नंतर कोणता अधिकारी पाठपुरावा करणार आहे हे विचारून त्याचे पद, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी आणि दोन दिवसांत काही हालचाल दिसली नाही, तर तीच नोंद घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. मेळघाटात किंवा भामरागडच्या आतल्या गावांत मोबाइलची रेंज हाच प्रश्न असतो, तिथे सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती हे जवळचे दार आहे. ती अनेक गावांत कागदावरच असते हे खरे, पण समितीच्या नावाने दिलेला लेखी अर्ज ग्रामपंचायतीला नोंदवून घ्यावाच लागतो आणि त्या नोंदीमुळे पुढच्या प्रत्येक कार्यालयात तुमचे म्हणणे वजनदार होते.

गावातच मिटवून टाकणे

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे आणि ती पुष्कळदा भल्या हेतूने होते. मुलीवर अत्याचार झाला की तंटामुक्तीची माणसे, दोन्हीकडचे नातेवाईक आणि एखादा पुढारी बसतात, रक्कम ठरते किंवा चक्क लग्न ठरते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मुख्याध्यापकांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि डॉक्टरांनाही लागू आहे. ठाण्याची भीती घरच्यांना असते, ती अनाठायी म्हणता येत नाही, पण मुलीला कोणते संरक्षण आहे हे त्यांना माहीत नसते. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायदेशीर मदत एकत्र मिळते. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांकही आहे.

बालविवाहाच्या बाबतीत ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. पत्रिका छापून येईपर्यंत थांबू नये, सुपारी फुटल्याचे कळताच त्यांना लेखी कळवावे. आणि लग्न लागून गेले तरी सगळे संपत नाही. जो पक्ष लग्नाच्या वेळी अल्पवयीन होता, त्याला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयातून ते लग्न रद्द करून घेता येते. हे त्या मुलीला कोणीतरी सांगणे फार गरजेचे आहे, कारण सासरी तिला हे सांगणारे कोणी नसते.

औषध प्यायल्याची गोष्ट दडवणे

ज्या भागात प्रत्येक घराच्या पडवीत फवारणीचे औषध ठेवलेले असते, तिथे रागाचा किंवा निराशेचा एक क्षण जीव घेऊ शकतो. अशा प्रसंगी घरातली माणसे दोन चुका करतात. पहिली म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी काढत घरी वेळ घालवणे. असे काही न पाजता १०८ ला फोन करावा, तो लागत नसेल तर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो. दुसरी चूक म्हणजे "चुकून पोटात गेलं" असे सांगणे. यामागे पोलीस केसची भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला भरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतले जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते आणि जबाब होतो, पण त्याचा अर्थ मुलावर गुन्हा दाखल झाला असा नाही. खरे कारण लपवले की सुटीच्या कागदावर समुपदेशनाचा उल्लेख राहत नाही आणि मूल पुन्हा त्याच घरात, त्याच पडवीजवळ येऊन पडते. घरी आणण्यापूर्वी फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असावी आणि पुढचे काही आठवडे मुलाला एकटे सोडू नये.

इतके टोकाला जाण्याआधीही रस्ते आहेत. कोणी मूल गप्प झाले, जेवेना, झोपेना, की त्याला देवऋषीकडे नेले जाते किंवा एकदम "नागपूरच्या मेंटलला न्या" असा सल्ला दिला जातो. या दोहोंच्या मध्ये बरेच काही आहे. टेलिमानस ही फोनवरून मानसिक समुपदेशन देणारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत उपलब्ध आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी मैत्री क्लिनिक असते आणि तिथला समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलू शकतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात. जाण्यापूर्वी त्यांचे बाह्यरुग्ण विभागाचे वार विचारून घ्यावेत, नाही तर पन्नास किलोमीटरची फेरी वाया जाते. आणि मुलाला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटे बोलू द्यावे, कारण बाप शेजारी बसलेला असताना कोणताही मुलगा मनातले सांगत नाही.

खर्ऱ्याविषयी वेगळे सांगावेसे वाटते. तंबाखूच्या पाकिटावर सोडण्यासाठीचा १८००११२३५६ हा क्रमांक छापलेला असतो, पण खर्रा पन्नीत घोटून मिळतो आणि त्या पन्नीवर ना इशारा असतो ना क्रमांक. त्यामुळे हा क्रमांक शाळेच्या फळ्यावरच लिहून ठेवावा. दारू आणि इतर नशेसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मुलाला रात्रीतून गाडीत घालून एखाद्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकून येणे मात्र टाळावे. केंद्राची नोंदणी, तिथे डॉक्टर येतात का आणि अल्पवयीन मुलांची वेगळी सोय आहे का, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

"केस अपात्र झाली" म्हणून बाकीचे अर्ज सोडणे

शेतकरी आत्महत्येनंतर जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते आणि पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. अपात्र ठरलेल्या घरांत असा समज पसरतो की आता कोणतीच मदत मिळणार नाही. हे दोन वेगळे विषय आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील यांपैकी एकच पालक उरलेल्या मुलालाही दरमहा २२५० रुपये मिळू शकतात आणि वडिलांच्या मृत्यूचे कारण तिथे आड येत नाही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा, गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो, अशी कागदपत्रे बहुधा मागितली जातात. पैसे घेऊन "काम करून देतो" म्हणणाऱ्यांची यात गरज नसते. अर्ज मोफत आहे आणि आशा किंवा सेविका सोबत असेल तर तो एका दिवसात भरून होतो.

कागदपत्रांबरोबर एक खबरदारी घ्यावी. मदत मागण्यासाठी मुलाचा फोटो, नाव आणि हकिगत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली जाते. अशी ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या मुलाला उद्या त्याच गावात शाळेत जायचे असते.

शाळा सुटली म्हणजे दार बंद झाले, असे मानणे

मिरची तोडायला तेलंगणात किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली मुले दिवाळीनंतर पटावरून गळतात. निघण्यापूर्वीच मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतराच्या गावी शाळा चालू ठेवण्यासाठीचे) घ्यावे आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश नाकारता येत नाही. त्यापुढच्या मुलामुलींना नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावी देता येते. याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून शाळा सुरू होताच चौकशी करावी. आदिवासी मुलांसाठी धारणी, पांढरकवडा, अहेरी, देवरी अशा ठिकाणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाचा आणि वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वयम योजनेचा अर्ज मिळतो, तर अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास तशाच स्वाधार योजनेसाठी समाजकल्याण कार्यालयात जावे.

अठरावा वाढदिवस उलटल्यावर बाल कल्याण समितीकडे गेलेले बरेच अर्ज परत येतात, म्हणून सतरावे वर्ष लागले की पुढची तयारी सुरू करावी. संस्थेत वाढलेल्या मुलांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण त्यासाठीचा प्रस्ताव मूल संस्थेत असतानाच पुढे जायला हवा. आईवडील दोघेही नसलेल्यांनी महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढून घ्यावे, म्हणजे शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षणाचा लाभ मागता येतो. ज्यांना लगेच कमवायचे आहे, त्यांच्यासाठी तालुक्याचे आयटीआय आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथले निवासी प्रशिक्षण मोफत असते, आणि १८ पूर्ण झाल्याचा तोच शाळेचा दाखला तिथेही पुढे करावा लागतो.