अनोळखी व्यक्तीने आपले छायाचित्र संमतीविना प्रसिद्ध केल्यास काय करावे

सार्वजनिक ठिकाणी कोणी आपले छायाचित्र काढले, तर अनेक देशांत तो गुन्हा ठरत नाही. मात्र छायाचित्र काढणे वेगळे आणि ते प्रसिद्ध करणे वेगळे, हे आधी ध्यानात घ्यावे. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र तिला न विचारता एका मासिकाने छापले होते. त्यात बदनामीकारक असे काहीच नव्हते, तरीही कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिला मिळालेली २,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. मुलगी ओळखू येत होती आणि तिची संमती नव्हती, हेच निर्णायक ठरले.

असे छायाचित्र आढळल्यास संतापाच्या भरात लगेच संदेश पाठवू नये. प्रथम पानाची पूर्ण लिंक, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, खात्याचे नाव आणि सोबतचा मजकूर जपून ठेवावा, कारण विनंती पोहोचताच मजकूर बदलला किंवा हटवला गेला तर तक्रारीचा आधारच निसटतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: अल्पवयीन व्यक्तीचे लैंगिक स्वरूपाचे छायाचित्र असल्यास त्याची प्रत मुळीच काढू नये, केवळ लिंक टिपून पोलिसांकडे द्यावी.

त्यानंतर छायाचित्र हटवण्याची विनंती लेखी, मोजक्या शब्दांत आणि मुदत घालून करावी. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ चा, म्हणजे आपली माहिती हटवून घेण्याच्या हक्काचा, आधार घेता येतो. अशा मागणीला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. पत्रकारिता आणि कला यांना तेथेही सवलत आहे, त्यामुळे प्रत्येक मागणी मान्य होईलच असे नाही. उत्तर न आल्यास संकेतस्थळाच्या तक्रार यंत्रणेकडे आणि पुढे माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे जावे. येथे प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) मुद्दा मांडण्याची चूक अनेकांकडून होते. प्रताधिकार बहुधा छायाचित्रकाराचा असतो, तेव्हा आपण स्वतः काढलेले छायाचित्र नसेल तर तक्रार खासगीपणाच्या मुद्द्यावरच करावी.

छायाचित्र नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे असेल, तर विनंतीच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. पोलिसांत तक्रार करावी आणि १८ वर्षांवरील व्यक्तींनी स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेचा उपयोग करावा. तेथे छायाचित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून प्रती शोधून रोखतात.