अ‍ॅग्री करून गोल्फ कोर्सवर नोकरी, माझा अनुभव

दापोलीला बीएस्सी अ‍ॅग्री झालं, बॅचमधले निम्मे एमपीएससीच्या मागे लागले आणि मी रायगडात डोंगराच्या पोटात असलेल्या एका गोल्फ कोर्सवर ट्रेनी म्हणून चिकटलो, चार वर्षं झाली आता. ज्युनिअर सारखे विचारतात की तिथे नक्की करतोस काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

काम गवताचं. आणि गवत कुठलं, तर हरळी! आई जी परसातून उपटून फेकते आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहते तीच, इथे फक्त तिची हायब्रिड जात. आई म्हणाली, "हरळी वाढवायला पगार देतात? मग आपल्याकडेच ये की."

ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीचा गुळगुळीत भाग, तिथे ती 3-4 मिलिमीटरवर कापायची. पहाटे साडेपाचला आधी लांब लवचिक काठीने दव झाडायचं, नाहीतर बुरशी धरते. मग होलची जागा बदलायची. 108 मिलिमीटरचा कटर दाबून मातीचा गोळा काढायचा आणि तोच जुन्या होलात बसवायचा, जरा वर राहिला तर मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, त्याचं टक्कल करतो, खाली गेला तर बॉल उडतो. आमचे मुकादम काका डोळ्यांनी बघतच नाहीत, तळहात फिरवतात आणि नुसतं "परत" म्हणतात. दोन महिने मी "परत"च ऐकलंय.

पावसाळा ही खरी परीक्षा. ग्रीनखाली साधारण 30 सेंटिमीटर वाळू, त्याखाली खडी आणि पाइप असतात म्हणून पाऊस कितीही कोसळला तरी ग्रीन निभावतो, पण उतारावरच्या फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब गवताच्या पट्ट्याला, वीतभर माती आणि खाली कातळ, तिथे मोवर घातला की चाकं रुतलीच. त्यात चारी बाजूला जंगल, दिसायला भारी पण हरळीला सावली अजिबात चालत नाही, आणि फांदी छाटायची म्हटली की आधी कागदपत्रं. रात्री रानडुकरं हुमणी, म्हणजे मातीतल्या अळ्या, खायला येतात, सकाळी फेअरवे नांगरल्यासारखा.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. एकदा घाईत मोवरचा हायड्रॉलिक होज (तेलाचा पाइप) न तपासता निघालो, तो गळत होता आणि मला पत्ताच नाही. दोन दिवसांनी ग्रीनवर पट्टीने मारल्यासारखी सरळ तपकिरी रेघ, गवत जळालेलं. नर्सरीतून तुकडे आणून ती रेघ मी स्वतः गुडघ्यावर बसून भरली, येणारा-जाणारा प्रत्येक मेंबर विचारून जायचा.

तेव्हा पिकांचे रोग पाठ असतील तर उत्तमच, पण पंप, स्प्रिंकलर, मशीन उघडता येणं जास्त कामाला येतं. स्टायपेंड, राहणं, जेवण हे आधी लेखी घ्या, माझे पहिले पैसे दोन महिने लटकले होते. आणि खेळता येत नाही म्हणून घाबरू नका, मला अजून येत नाही. इंटरव्ह्यूत मला फक्त एक मूठ गवत दिलं होतं, यातला लव्हाळा, म्हणजे गवतासारखंच दिसणारं तिधारी दांड्याचं तण, वेगळा कर म्हणाले. दांडा बोटांत फिरवला, तीन धारा लागल्या, झालं.