जॉइनिंगच्या दिवशी मूळ गुणपत्रिका देऊन येऊ नका

जिंतूरहून पुण्याच्या रात्रीच्या गाडीत बसवताना आईने माझी सगळी मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये घातली आणि फाइल जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिली. "उशाला घेऊनच झोप," म्हणाली. तीन महिन्यांनी तीच फाइल मी चाकणच्या एका कंपनीत एचआरच्या टेबलावर ठेवून आले. परत हातात पडायला चौदा महिने लागले.

यंदा मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा डिप्लोमा करून भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगावच्या बाजूला नोकरी शोधायला येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. रेझ्युमे कसा करायचा, नोकरीच्या साइटवर प्रोफाइल कसं ठेवायचं हे तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते जॉइनिंगच्या दिवसाबद्दल, कारण त्या दिवशी आपण आनंदात असतो आणि काहीही द्यायला तयार असतो.

तीन महिने मी भोसरीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचंच भाडं भरून, राहून एकेका गेटवर सीव्ही देत फिरले होते. वॉचमन तो घेऊन ड्रॉवरमध्ये टाकायचा. मग क्वालिटीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून बोलावणं आलं, पगार महिना 12 हजार. त्या सकाळी आम्ही अकरा जण रांगेत होतो. टेबलावर 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यावर दोन वर्षांचा बॉन्ड, आधी सोडलं तर एक लाख भरायचे. वाचायला मागितला तर "सगळ्यांना सेमच आहे" असं उत्तर मिळालं. मग म्हणाले, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डिग्री, टीसी द्या. व्हेरिफिकेशन झालं की आठ दिवसांत परत. पुढच्यांनी दिलं, मीही दिलं. पोचपावती मागायचं सुचलंच नाही.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. कधी साहेब ऑडिटमध्ये, कधी फाइल हेड ऑफिसला. आठव्या महिन्यात कनिष्ठ अभियंता पदाच्या एका परीक्षेच्या यादीत माझं नाव आलं आणि कागदपत्र पडताळणीची तारीख मिळाली. मी धावत एचआरकडे गेले. उत्तर आलं, "बॉन्ड संपव, नाहीतर लाख रुपये भर." घरी त्या वर्षी सोयाबीन पावसात भिजलं होतं, लाख कुठून आणणार? पडताळणीला मी झेरॉक्स घेऊन उभी राहिले. त्यांनी मूळ प्रती मागितल्या. माझी जागा गेली. हे लिहितानाही हात थांबतो.

आता नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे घोळ घालतात. बॉन्ड आणि कागदपत्रं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉन्डला काही अर्थच नसतो, असं मित्र सांगतील. ते चूक आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. त्यामुळे सही करण्याआधी वाचा, रक्कम बघा, मुदत बघा, प्रत घ्या. पण बॉन्ड म्हणजे बेडीही नाही. नोकरी सोडलेल्या माणसाला कोर्ट जबरदस्तीने त्याच कामावर परत बसवत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कागदावर लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते; तिच्या आत, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते.

कागदपत्रं मात्र तुमची आहेत, फक्त तुमची. पडताळणीसाठी कुठल्याही कंपनीला ती ठेवून घ्यावी लागत नाहीत. मूळ प्रत बघायची, झेरॉक्सशी ताडायची, परत द्यायची. यापुढची चौकशी बोर्डाकडे आणि विद्यापीठाकडे होते. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये बोर्डाने किंवा विद्यापीठाने थेट दिलेल्या कागदपत्राला 2017 पासून नियमाने मूळ प्रतीचाच दर्जा आहे. घर सोडण्याआधी जेवढं तिथे मिळतं तेवढं काढून ठेवा.

टेबलावर एवढंच म्हणा: "सर, मूळ प्रती दाखवते, तुम्ही समोर तपासा, झेरॉक्सवर सही करून देते." ऐकलं नाही तर कंपनीच्या लेटरहेडवर कागदांची यादी आणि परत द्यायची तारीख लिहून मागा. तेही नाही म्हणाले, तर उठा. खोलीचं भाडं थकलेलं असताना उठणं किती जड जातं, ते मला माहीत आहे. तरी उठा. चाकणमध्ये गेट पुष्कळ आहेत, दहावीची मूळ गुणपत्रिका एकच असते.

आणि आधीच देऊन बसला असाल तर घाबरू नका, मार्ग निघतो. तोंडी मागणं बंद करा, ईमेलवर मागा, म्हणजे "तुमची कागदपत्रं आमच्याकडे आहेत" हे त्यांच्याच उत्तरात येतं. मग पत्र पाठवा, पोच जपून ठेवा. कागद हरवल्याची खोटी तक्रार देऊन डुप्लिकेट काढ, असा सल्ला मला तिघांनी दिला. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. हरवलेलं नाही ते हरवलं असं पोलिसांना लिहून द्यायचं आणि उद्या कंपनीने तोच कागद पुढे केला तर काय सांगायचं?

शॉर्टकटचा विषय निघालाच आहे, तर बनावट अनुभव प्रमाणपत्राबद्दलही सांगते. कोर्स संपला की दोन वर्षांचा अनुभव "लावून देणारे" पुण्यात भेटतील. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या खाते क्रमांकावर, तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात ते दिसतं. माझ्या खोलीतली एक हुशार मुलगी जॉइन होऊन पाच महिन्यांनी यातच घरी गेली. नोकरी लावायला पैसे मागणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

पगाराचं थोडक्यात: सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, म्हणून हातात किती येणार ते आकड्यात विचारा. पेरोल कंपनीचं की कंत्राटदाराचं, म्हणजे पगार नक्की कोण देणार, हेही विचारा.

मोबाइलवर करिअर शिकवणाऱ्यांपेक्षा लाइनवरचा जुना माणूस धरा, हे माझं ठाम मत आहे. आमच्याकडे एक इन्स्पेक्टर काका होते, आयटीआय झालेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातातला व्हर्नियर, म्हणजे पार्टचं माप घ्यायचं साधन, काढून घेतला, जबडे कापडाने पुसले, मिटवले आणि शून्य दाखवलं. "आधी हे बघायचं, मग पार्टला हात लावायचा." आजही मी तसंच करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या ट्रेनींकडून तसंच करून घेते.

मला वकिलांचं नावही त्याच काकांनी दिलं. राजगुरूनगरच्या कोर्टात बसणारे ते वकील. त्यांनी नोटिशीत दोनच गोष्टी मागितल्या: मूळ कागदपत्रं, आणि माझ्या प्रशिक्षणावर कंपनीने केलेल्या खर्चाचा हिशेब. हिशेब कधीच आला नाही, लाखाची मागणीही पुन्हा झाली नाही. नवव्या दिवशी एचआरने खाकी पाकीट हातात ठेवलं. मी तिथेच उभी राहून एकेक कागद मोजला. सगळे होते. दहावीच्या गुणपत्रिकेला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून ती फाइलला लावली होती. एक भोक बरोबर आईच्या नावावर पडलं होतं.