कुत्र्याला कच्चं मांस देताय? खानदेशात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

तयार डॉगफूडची पिशवी परवडेनाशी होते, किंवा मोबाईलवर कुणाचा तरी तुकतुकीत जर्मन शेफर्ड कच्ची कोंबडी खाताना दिसतो. मग आपल्याकडचा माणूस चिकनच्या दुकानात जातो आणि "कुत्र्यासाठी छाटण ठेवत जा" असं सांगून येतो. दुसऱ्या दिवसापासून माना, पंजे, कातडी आणि आतडी घरी यायला लागतात. कुत्रं तुटून पडतं, म्हणून मालक खूश. महिना-दोन महिने सगळं छान दिसतं. मग पिल्लू लंगडायला लागतं, नाहीतर मोठं कुत्रं शी करताना कुंथायला लागतं, आणि कारण सापडत नाही.

माझं मत आधीच सांगते. कच्च्या मांसाचा आहार हाडाच्या हिशोबावर आणि थंडाव्यावर उभा असतो. हिशोब शिकता येतो, पण जळगाव-भुसावळच्या उन्हात थंडावा टिकवणं बहुतेक घरांना जमत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांची संघटना आणि लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना या दोघीही कच्चं मांस देऊ नका असंच सांगतात. कारण सरळ आहे: धोके सिद्ध झालेले आहेत, शिजवलेल्या संतुलित आहारापेक्षा जास्तीचा फायदा सिद्ध झालेला नाही. तरीही अनेक घरांत ते दिलं जातं, तेव्हा निदान या चुका तरी होऊ नयेत.

नुसतं बिनहाडाचं मांस

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि ती प्रेमापोटी होते. हाड घशात अडकेल या भीतीने लोक महागडं बोनलेस घेतात आणि पिल्लाला रोज तेच घालतात.

मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम नाममात्र. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त हवं. बिनहाडाच्या मांसात उलट फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट भरतो. मग रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर ते स्वतःच्याच हाडांतून उपसायला लागतं. मोठ्या कुत्र्यात हे उमगायला वेळ लागतो. तीन महिन्यांच्या लॅब्रॉडॉरमध्ये काही आठवड्यांत दिसतं: पुढचे पाय वाकतात, पंजे पसरतात, उचललं की पिल्लू कळवळतं, आणि सोफ्यावरून उतरताना मांडीचं हाड मोडतं. "रोज पाव किलो चिकन खातो, मग अशक्त कसा?" असं विचारत माणसं टॉनिकची बाटली आणतात. टॉनिकने हे भरून निघत नाही. एक्स-रे काढून, आहार बदलून आणि पिल्लाला काही आठवडे उड्या न मारू देता ठेवावं लागतं.

घाबरून कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा करणं ही लगेच होणारी दुसरी चूक. ग्रेट डेन, रॉटवायलर, लॅब्रॉडॉर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत जास्तीचं कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं. म्हणून वर्ष-दीड वर्षापर्यंतच्या पिल्लाला अंदाजपंचे बनवलेला कच्चा आहार देऊच नये. त्याला पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, किंवा डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घेतलेला शिजवलेला आहार द्या.

मोठ्या, निरोगी कुत्र्यासाठी ढोबळ हिशोब असा चालतो: दिवसाचं खाणं वजनाच्या २ ते ३ टक्के, त्यात हाड सुमारे १० टक्के, कलेजी ५ टक्के, गुर्दा-तिल्लीसारखे दुसरे अवयव ५ टक्के आणि बाकी मांस. २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम, त्यात हाड साठेक ग्रॅम आणि कलेजी तीसेक ग्रॅम. रोज मोजता येत नसेल तर आठवड्याचा हिशोब जुळवा. पण हे प्रमाण पाळलं म्हणजे आहार पूर्ण झाला असंही नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्व यांची तूट उरतेच, त्यासाठी डॉक्टरांना विचारून पूरक द्यावं लागतं. हाड द्यायचंच नसेल तर वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळलेली अंड्याची टरफलं चालतात. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला चहाचा अर्धा ते पाऊण चमचा. हे माप मोठ्या कुत्र्याचं आहे, पिल्लाचं नाही.

हाडच हाड

दुकानातून स्वस्तात किंवा फुकट मिळतात ते पंजे आणि माना. पंज्यात निम्म्याहून अधिक हाडच असतं. रोज तेच दिलं की शी पांढरी, कोरडी, खडूसारखी होते आणि हाताने दाबली तर भुगा होतो. कुत्रं गोल गोल फिरतं, कुंथतं, शेवटी एखादा रक्ताचा थेंब येतो. अशा वेळी एरंडेल पाजू नका. हाड तीन-चार दिवस बंद करा, बिनहाडाचं मांस आणि उकडलेला लाल भोपळा द्या, पाणी वाढवा. दोन दिवस शी झालीच नाही आणि उलटी सुरू झाली तर दवाखाना गाठा. उलट शी काळपट आणि चिकट येत असेल तर कलेजी-अवयव जास्त झाले आहेत. पातळ आणि तेलकट येत असेल तर ब्रॉयलरची कातडी आणि चरबी कमी करा. सतत चरबी खाणाऱ्या कुत्र्याला स्वादुपिंडाची सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जिवावर बेततं.

बोकडाची किंवा मोठ्या जनावराची नळी चघळायला देणं लोकांना फार आवडतं. वजन पेलणारी ती हाडं फार टणक असतात. वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते, आणि डोळ्याखाली गळू येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. शिजवलेल्या हाडाबद्दल तर चर्चाच नको. ते ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. लग्नाच्या किंवा मानाच्या जेवणानंतर पत्रावळीतली हाडं गोळा करून कुत्र्यापुढे टाकायची सवय गावोगाव आहे, ती मोडायलाच हवी.

कलेजी आणि नरडं

कलेजी स्वस्त, मऊ आणि कुत्र्याला प्रिय. पण तिच्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर दिली तर ते यकृतात साठत जातं. काही महिन्यांत मान आखडते, कुत्रं खाली वाकायला कंटाळतं. नरड्याची भानगड फारशी कुणाला माहीत नसते. बोकडाच्या गळ्याच्या छाटणात कधीकधी थायरॉईड ग्रंथी तशीच राहते. ती रोज पोटात गेली की कुत्र्याच्या रक्तात थायरॉईडचं संप्रेरक वाढतं: भरपूर खाऊनही वजन उतरतं, धाप लागते, कुत्रं अस्वस्थ फिरतं. गळ्याचं छाटण बंद केलं की बहुतेकदा ते पूर्ववत होतं. म्हणून खाटकाला सांगा, नरडं नको.

माळकरी घर, गच्चीवरची बादली

आपल्याकडे पुष्कळ घरांत माळ असते. आजी-आजोबा वारकरी, स्वयंपाकघरात अंडंही येत नाही, पण नातवाने हौसेने रॉटवायलर आणलेला असतो. घराच्या फ्रिजमध्ये मांस ठेवू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. मग पिशवी गच्चीवरच्या बादलीत, जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत लटकते. सकाळी आठला आणलेलं मांस अर्धं तेव्हा आणि अर्धं संध्याकाळी. आखाजीच्या सुमारास दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्या मनाजोगत्या उबेत दर वीसेक मिनिटांनी दुप्पट होतात. नेहमीच्या हवेत कच्चं मांस दोन तासांच्या वर बाहेर राहू नये असा नियम आहे. ३२ अंशांच्या वर तो एका तासावर येतो. आपल्याकडे मार्चपासून तो एकच तास धरावा, आणि त्यात दुकानापासून घरापर्यंतचा मोटारसायकलवरचा वेळही धरावा. दुकानात मांस किती वेळ उघड्यावर होतं तेही बघा. बर्फ घातलेला डबा सोबत न्यायला काही खर्च येत नाही.

हळद-मीठ लावून ठेवलं की टिकतं, हा समज चुकीचा. नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. बर्फात गोठवल्यानेही साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. वितळायला लागले की पुन्हा कामाला लागतात. म्हणून मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून वितळवा, बाहेर उन्हात नको. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोहोचेलच असं नाही. वळवाच्या पावसात खांब पडून लाईट गेली तर डीप फ्रीझरचं दार उघडू नका; भरलेला फ्रीझर बंद राहिला तर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

वेगळा फ्रीझर घेता येत नसेल, तर माळकरी घरात कच्च्याचा हट्ट धरू नये. बाहेर चुलीवर किंवा वेगळ्या शेगडीवर मांस उकळा, हाडं काढा, भाकरी कुस्करून घाला. "कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला भाकरी कशाला" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की माणसाबरोबर राहून कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. ज्वारी त्याला पचते.

आणि हे फक्त कुत्र्यापुरतं नाही. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला स्वतःला काही न होता त्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडत राहू शकतो. ते अंग चाटतं, मग रांगणाऱ्या बाळाचं तोंड चाटतं. घरात लहान मूल, गरोदर बाई, केमोथेरपी घेणारं किंवा खूप वयस्कर माणूस असेल तर कच्चं देऊ नका. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

फुफ्फुसातल्या पाण्याच्या गाठी

मेंढी-बोकडाच्या कलेजीत आणि फुफ्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसतात. खाटीक तो भाग कापून बाजूला टाकतो, आणि तोच "कुत्राले देनं शे ना, काय व्हस!" म्हणत कुत्र्याच्या पिशवीत जातो. त्या गाठीत एका फीतकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे काही मिलिमीटरचे जंत होतात, ते शीत डोळ्यांना दिसत नाहीत आणि कुत्रं ठणठणीत राहतं. साधारण सहा-सात आठवड्यांत शीतून अंडी पडायला लागतात आणि अंगावरच्या केसांना चिकटतात. ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुफ्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते. हाच हायडॅटिड रोग, त्याला अनेकदा ऑपरेशन लागतं.

शेतात मेंढ्या बसवायला येणारे कळप, साक्रीकडचे ठेलारी असोत की आणखी कुणी, ते खतासाठी सगळ्यांना हवे असतात. त्यातली एखादी मेंढी मेली की ती शेतावरच्या कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा. कलेजी आणि फुफ्फुस कच्चं देऊच नका, उकळून द्या. जंताची गोळी घेताना तिच्यात फीतकृमी मारणारं प्राझिक्वांटेल आहे का ते विचारा, सगळ्या गोळ्यांत ते नसतं. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याला ते तीन-चार महिन्यांनी देऊन भागत नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून द्यावं.

गाय-म्हैस व्याली की पडलेला जार कुत्र्यापुढे टाकतात, तेही थांबवा. गाभडलेल्या जनावराच्या जारातून ब्रुसेला जंतूचा संसर्ग कुत्र्याला आणि माणसाला होऊ शकतो. निओस्पोरा नावाचा परजीवी जारातून कुत्र्यात आणि कुत्र्याच्या शीतून पुन्हा चाऱ्यात जातो, आणि गोठ्यातली दुसरी गाय गाभडते.

मेलेल्या कोंबड्या

पोल्ट्रीवर रोज काही पक्षी मरतातच, आणि ते कुत्र्यांसाठी नेणारे असतात. आपल्या नवापूरने २००६ च्या फेब्रुवारीत देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक पाहिला आणि २०२१ मध्ये पुन्हा तीच साथ सोसली. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावले, आणि संशय होता कच्च्या मांसावर. कुत्र्यापेक्षा मांजराला हा धोका जास्त आहे, आणि कुत्रं-मांजर दोन्ही असलेली घरं पुष्कळ आहेत. आपोआप मेलेला पक्षी किंवा जनावर कुणालाच खायला घालू नका.

थोडक्यात राहिलेलं

काळ्या मसाल्याचा रस्सा कालवून देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गिरणा किंवा हतनूरच्या धरणातली सायप्रिनससारखी मासळी कच्ची रोज दिली तर 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होतं, शिजवली की ही अडचण संपते. अंडं उकडूनच द्यावं. कच्चं डुकराचं मांस अजिबात नको. आहार बदलताना एका दिवसात उडी न मारता आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा.

हाड अडकल्याची लक्षणं मात्र पाठ असू द्या: एकसारखी लाळ, पंजाने तोंड घासणं, मान ताणून गिळायचा प्रयत्न, उलटीचे कोरडे उमाळे, पोट टणक होणं. अशा वेळी केळं, तेल किंवा भाकरीचा गोळा भरवून हाड खाली ढकलू नका, आणि मिठाचं पाणी पाजून उलटीही काढू नका. टोकदार तुकडा येतानाही अन्ननलिका फाडतो. तालुक्याच्या पशुदवाखान्यात एक्स-रेची सोय आहे का, नसेल तर रात्री-अपरात्री तो कुठे निघतो, हे कच्चं हाड घरात आणण्याआधीच विचारून फोन नंबर लिहून ठेवा.