दोषारोपपत्र हाती आल्यावर ते वाचायचं कसं

गुन्हा दाखल होणं, जामीन, वकीलपत्रावर सही, इथपर्यंत माणसाला कुणी ना कुणी धरून नेतं. पुढे कोर्टात दोषारोपपत्राच्या, म्हणजे पोलिसांच्या चार्जशीटच्या, नकला मिळतात आणि तो गठ्ठा घरी कपाटात जातो. ‘वकीलसाहेब बघतील.’ वकील बघतीलच हो, पण त्या संध्याकाळी बांधावर कोण कुठे उभं होतं हे वकिलाला कुठून माहीत असणार? तालुका कोर्टात फौजदारी कामं करताना मी प्रत्येक पक्षकाराला एकच सांगतो: आधी तुम्ही वाचा, मग माझ्याकडे या.

१. नकला घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम २३० प्रमाणे त्या फुकट मिळतात. पानं यादीशी ताडून पाहा. एखादं पान कमी किंवा पुसट असेल तर लगेच लेखी अर्ज द्या.

२. घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहिता, त्या दिवसापासून पुढची असेल तर भारतीय न्याय संहिता. मोबाइलवर नुसता आकडा शोधून घाबरू नका. जुन्या कायद्यात ३०२ म्हणजे खून. नव्यात तेच ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे.

३. शिक्षा किती, गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात एका ओळीत मिळतं.

४. आता खरं काम. कलम फोडायचं.

सुरुवातीला मलाही हीच पायरी जड गेली. गठ्ठा उघडला की माणूस ‘हे खोटं, तेही खोटं’ करत बसतो आणि समासात रागाने रेघा मारतो. कोर्टाला तुमच्या रागाशी घेणं नाही. प्रत्येक गुन्ह्याचे ठरावीक घटक असतात आणि ते सगळे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागतात. एक जरी निसटला तरी ते कलम टिकत नाही.

नेहमीचं उदाहरण घ्या. बांधावरून भांडण, काठीचा मार, फिर्यादीचा हात मोडला. कलम लागलं न्याय संहितेचं ११७(२), जबर दुखापत, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सोबत ३(५), म्हणजे सगळ्यांचा सामाईक इरादा. वहीचं पान आडवं धरा आणि घटक एकाखाली एक लिहा: दुखापत झाली का, ती कलम ११६ मधल्या आठ प्रकारांपैकी एखाद्यात बसते का, ती कोणाच्या हातून झाली, जबर दुखापत करायचा इरादा होता किंवा तशी ती होईल याची जाणीव होती का. प्रत्येकासमोर कोणता साक्षीदार काय म्हणतो ते पान नंबरासह टिपा आणि शेजारी डॉक्टरचा कागद काय म्हणतो तेही.

मग रिकामे चौकोन दिसू लागतात. प्रमाणपत्रावर ‘जखम गंभीर’ लिहिलंय, पण एक्स-रेचा अहवाल गठ्ठ्यात आहे का? नसेल तर हाड मोडल्याचा पुरावा काय? पंधरा दिवस तीव्र वेदना होत्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, असं म्हणणं असेल तर त्यालाही कागद लागतो. (जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते, म्हणून तारीख आधी पाहायला सांगितलं.) हा घटक गळाला तर मागे साधी दुखापत उरते, ११५(२), एक वर्षापर्यंत शिक्षा.

तक्ता करताना पुरवणी जबाबांवर खास नजर ठेवा. फिर्यादीत तिघांची नावं आणि आठ दिवसांनी पुरवणी जबाबात अचानक पाच? ती दोन नावं तांबड्या पेनाने लिहा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि सरकार पक्षाला तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. उलटतपासात साक्षीदाराला खोडायला मात्र आपल्याला तो कामी येतो.

‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य वाचून घरची मंडळी हातपाय गाळतात. गाळू नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचं, कलम २३ तसं स्पष्ट सांगतं. पण त्याच कबुलीतून काठी सापडली असेल तर सापडण्यापुरता भाग धरला जातो. म्हणून निवेदन पंचनामा (आरोपी वस्तू काढून देतो म्हणाला त्याची नोंद) आणि जप्ती पंचनामा शेजारी ठेवून वाचा. वेळा, जागा, पंचांची नावं पाहा.

पैशांच्या प्रकरणातही हीच रीत. हातउसने घेतले आणि परत दिले नाहीत, एवढ्याने फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा असावा लागतो. आणि एकाच व्यवहारावर फसवणूक व विश्वासघात ही दोन्ही कलमं एकदम टिकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात पोलिसांना यावरूनच सुनावलं.

५. बचाव एकच निवडा. ‘मी तिथे नव्हतोच’ आणि ‘मी स्वतःला वाचवायला मारलं’ ही दोन्ही वाक्यं एका तोंडात शोभत नाहीत. चावडीवरचे सल्लागार मात्र दोन्ही सुचवतात, वर गैरहजेरीचा साक्षीदारही उभा करून देतो म्हणतात. असल्या साक्षीदाराला दारात उभं करू नका. गैरहजेरी खोटी ठरली की तीच तुमच्याविरुद्ध बोलते. स्वसंरक्षण घेणार असाल तर तुमच्या अंगावरच्या जखमांचं प्रमाणपत्र लागेल. आरोपीच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याच्या कहाणीवर संशय येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मी सिंग खटल्यापासून, म्हणजे १९७६ पासून, ठरलेलं आहे. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो खरा, पण शक्यता पटवण्याइतकाच. निःसंशय सिद्ध करावं लागत नाही.

६. आरोपमुक्तीचा अर्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करा अशी मागणी. तक्त्यात मोठं भगदाड दिसत असेल तरच. नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत (कलम २६२). सत्र न्यायालयाचं प्रकरण असेल तर ते तिकडे वर्ग झाल्यापासून साठ दिवस (कलम २५०). या टप्प्यावर कोर्ट सरकारचेच कागद पाहतं. तुमच्याकडचे फोटो, पावत्या आत्ता उपयोगाच्या नाहीत, खटल्यासाठी जपून ठेवा.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००.

तडजोड शक्य आहे. साधी दुखापत फिर्यादी स्वतः मिटवू शकतो, ११७(२) ला कोर्टाची परवानगी लागते. पण बोलणी वकिलामार्फतच होऊ द्या. साक्षीदारांशी संपर्क नको अशी अट जामिनात बहुधा असते, आणि फिर्यादीच्या अंगणात ‘समजवायला’ गेलेला माणूस जामीन घालवून परत येतो.