कॉम्प्रेसर लावण्याआधी अ‍ॅम्पचा ‘सॅग’ ऐका

गिटारचा आवाज बोटांना कडक वाटतोय म्हणून लगेच कॉम्प्रेसर पेडल (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणारं) घेऊ नका. आधी अ‍ॅम्प स्वतः किती दबतोय ते ऐका.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर जोरात कॉर्ड मारली की पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात, सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं आणि क्षणभराने परत वर येतं. हाच सॅग. सुराचं टोक जरा बोथट होतं, मग सूर मागून फुलत येतो. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डिलक्समध्ये हे फार सुंदर ऐकू येतं: ५वाय३ रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा), दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, जेमतेम १२-१५ वॉट. फेंडरच्याच ट्विन रिव्हर्बमध्ये रेक्टिफायर व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड आणि ८५ वॉट. तिथे प्रत्येक ठोका खणखणीत.

मास्टर व्हॉल्यूम २ वर ठेवून गेन कितीही वाढवला तरी सॅग मिळत नाही. मिळतं ते प्रीअ‍ॅम्पचं क्लिपिंग, म्हणजे पॉवर टप्प्याच्या आधीच सिग्नलची टोकं छाटली जाणं; तेही आवाज दाबतं, पण हाताखाली तसं लवचिक लागत नाही. पॉवर अ‍ॅम्पला घाम फुटायलाच हवा. घरात शक्य नसेल तर मॉडेलरमधला (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रातला) सॅग थोडा वाढवा.

अ‍ॅम्प आधीच दबत असेल, तर पुढे कॉम्प्रेसर हलकाच ठेवा. अ‍ॅटॅक (कॉम्प्रेसर किती पटकन दाबायला लागतो ते) सावकाश, म्हणजे पिकचा टणका निसटून पुढे जाईल. पेडल चालू-बंद करून आवाजाची पातळी सारखी करा. नाहीतर नुसता मोठा आवाजच चांगला वाटतो. फंक ऱ्हिदमला मात्र मी ट्विनसारखा ताठ अ‍ॅम्प आणि कॉम्प्रेसर हीच जोडी घेईन.