लेडिग पेशी, क्वेर्सेटिन आणि फसवे आकडे: या चुका टाळा

क्वेर्सेटिन किंवा जेनिस्टीन ही वनस्पतींतली संयुगं लेडिग पेशींवर (वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींवर) घातली, टेस्टोस्टेरॉन खाली आलं, की 'संप्रेरकनिर्मिती रोखली' हे शीर्षक तयारच असतं. पेशी जिवंत होत्या का? 'एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणारी चाचणी) केली होती ना!' घोळ तिथेच असतो.

एमटीटीचा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात. पण क्वेर्सेटिन स्वतःच क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारं) आहे. पेशी नसल्या तरी ते हे काम करतं. पुण्यातल्या एका एमएस्सी प्रकल्पात 100 मायक्रोमोलरला पेशी कंट्रोलपेक्षाही (संयुग न दिलेल्या पेशींपेक्षाही) 'जास्त जिवंत' निघाल्या. मायक्रोस्कोपखाली त्याच पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. बिनपेशींच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मीडिया (पेशी वाढवण्याचा द्रव), क्वेर्सेटिन आणि एमटीटी घातलं, तर तेही जांभळं! मेलेल्या पेशी संप्रेरक बनवत नाहीत, एवढाच त्या 'शोधा'चा अर्थ होता. म्हणून प्रत्येक मात्रेला बिनपेशींचे तीन वेल ठेवा, एमटीटीआधी कोमट पीबीएसने (क्षारयुक्त बफर द्रावणाने) दोनदा धुवा आणि तरीही ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या रंगाने) पेशी मोजा. तीन वेल वाचवून प्लेटचे पैसे वाचतात, प्रबंध नाही.

दुसरा आवडता घोटाळा: पेशी एमए-10 आणि किट टेस्टोस्टेरॉनचं. एमए-10 म्हणजे उंदराच्या लेडिग पेशींच्या अर्बुदापासून (ट्यूमरपासून) मिळालेली पेशी-ओळ; ती मुख्यतः प्रोजेस्टेरॉन बनवते. टेस्टोस्टेरॉनचे आकडे किटच्या तळाशी घुटमळतात आणि त्या निरर्थक चढउतारांवर लोक टी-टेस्ट (दोन गटांतला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावतात. एनसीसीएससारख्या (पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या) पेशी-भांडाराकडे मागणी नोंदवण्याआधीच ती पेशी-ओळ काय बनवते ते वाचा.

परिणाम खरा असेल, तर अडथळा कुठल्या पायरीवर आहे ते शोधा. पायऱ्या अशा: कोलेस्टेरॉल, मग प्रेग्नेनोलोन, मग प्रोजेस्टेरॉन, शेवटी टेस्टोस्टेरॉन. एचसीजी किंवा 1 मिलिमोलर डायब्युटिरिल सीएएमपी (दोन्ही पेशींना उत्तेजित करतात) देऊन उत्पादन कमी येतं, पण 20 मायक्रोमोलर 22-आर-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल (आपोआप मायटोकॉन्ड्रियात शिरणारं कोलेस्टेरॉलचं रूप) दिल्यावर पूर्ववत होतं? मग अडचण कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियात पोचवण्यात, म्हणजे ते आत नेणाऱ्या स्टार प्रथिनाच्या पायरीवर किंवा त्याआधी. ते देऊनही कमीच, पण प्रेग्नेनोलोन दिल्यावर प्रोजेस्टेरॉन नीट बनतं, तर कोलेस्टेरॉलचं प्रेग्नेनोलोन करणाऱ्या सीवायपी11ए1 या विकराकडे बघा. प्रेग्नेनोलोन देऊनही कमीच, तर त्याचं प्रोजेस्टेरॉन करणारं विकर 3-बीटा-एचएसडी; जेनिस्टीन ते रोखतं. नुसता स्टारचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) करून 'यंत्रणा उलगडली' म्हणणाऱ्यांना घाई नडते.

बाकी किरकोळ, पण रोजचं. डीएमएसओ (संयुग विरघळवणारा द्रावक) 0.1 टक्का, कंट्रोलमध्येही तेवढंच. मीडियात घालतात त्या सीरममध्ये (रक्तद्रवात) स्टेरॉइड असतात. उत्तेजनाच्या वेळी सीरमविरहित मीडिया वापरा. एलायझाचा (संप्रेरक मोजणाऱ्या किटचा) स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे ज्ञात प्रमाणांचा आलेख, त्याच मीडियात काढा आणि एका ज्ञात स्टँडर्डमध्ये संयुग मिसळून वाचन हलतं का ते बघा. आकडे प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे द्या. जास्त पॅसेज झालेल्या (पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात वाढवलेल्या) पेशींचा एचसीजीला प्रतिसाद मंदावतो, तेव्हा सुरुवातीच्या पेशींच्या व्हायल (कुप्या) गोठवून ठेवा.

पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेल्या पुडीचा अर्क म्हणजे 'संयुग' नव्हे, हेही सांगावं लागतं. आणि इनक्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी आटलं, की 96 वेलच्या प्लेटच्या कडा आधी सुकतात. कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस भरा.